आधी कुत्र्यांचे जेवण

कुंभकोणमपासून हाकेच्या अंतरावर दारासुरमला ऐरावतेश्वराचे मंदिर आहे. दुसऱ्या राजराज चोळाने ते बाराव्या शतकात बांधले. त्याच्या पुढच्या मंडपाला दगडी चाके आहेत आणि दगडी घोडे तो ओढत आहेत. खुद्द कुंभकोणमात सारंगपाणीचा गाभाराही रथाच्याच घडणीचा. उत्सवाचा लाकडी रथ मात्र माणसे दोर धरून ओढतात. ओढण्याच्या कामाला आपल्या देशात बैल, रेडा, घोडा, उंट, हत्ती आणि माणूस असे सगळे जुंपले गेले. कुत्रा तेवढा सुटला. खंडोबाच्या घोड्याबरोबर तो धावतो, भैरवाच्या पाठीशी उभा राहतो, पण त्याच्या छातीला दोर बांधावा असे इथे कोणाला वाटले नाही. म्हणूनच पायांत स्की बांधायच्या, कमरेची दोरी घरच्या कुत्र्याच्या छातीवरच्या साजात अडकवायची आणि बर्फातल्या रानवाटांनी त्याच्यामागे घसरत निघायचे, हा स्कीजोरिंग नावाचा खेळ कावेरीकाठच्या उकाड्यात निव्वळ थट्टा वाटतो. तरीही त्याच्या पूर्वजांचा माग काढत आपण निघालो, तर वाट याच मुलखातून जाते.

चोळांची सत्ता 1279 च्या सुमारास संपली आणि हा प्रदेश पांड्यांकडे गेला. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांतच मार्को पोलो चीनहून परतताना या किनाऱ्यावर उतरला. इथल्या मोत्यांविषयी आणि दागिन्यांनी मढलेल्या राजाविषयी त्याने जे लिहिले ते आपल्याकडे पुष्कळदा सांगितले जाते. त्याच ग्रंथात थेट उत्तरेकडच्या एका बर्फाळ देशाचेही वर्णन आहे. तिथे घोडा चालत नाही, म्हणून जवळजवळ गाढवाएवढे कुत्रे घसरगाड्या ओढतात आणि टप्प्याटप्प्यावर ताजे कुत्रे तयार ठेवलेले असतात. पुढे साधारण पन्नास वर्षांनी इब्न बतूता दौलताबाद आणि नंदुरबार पाहत दक्षिणेकडे निघाला आणि 1344 च्या आसपास मदुरेला पोहोचला. त्यानेही व्होल्गाकाठच्या बुल्गार शहरी असताना ऐकलेली ‘अंधाराच्या देशा’ची हकिगत लिहून ठेवली आहे. चाळीस दिवसांची वाट, खर्च फार आणि लाभ थोडा, म्हणून तो स्वतः तिथे गेला नाही. ऐकीव असूनही ही हकिगत विलक्षण बारकाईची आहे. बर्फावर माणसाचा पाय आणि घोड्याचा खूर घसरतो, कुत्र्याची नखे मात्र रुततात, हे कारण तो देतो. ती वाट अनेकदा तुडवलेल्या म्होरक्या कुत्र्याची किंमत हजार दिनारांपर्यंत जाते. मालक त्याला मारत नाही, रागावतही नाही. मुक्कामाला आधी कुत्र्यांना जेवण, मग माणसांना. हा क्रम चुकला तर म्होरक्या रुसून निघून जातो आणि मालक बर्फात मरतो. कुत्रे जुंपण्याचे शास्त्र यानंतर पुष्कळ वाढले, पण या क्रमात फरक पडलेला नाही.

हे दोघे प्रवासी एका फार जुन्या गोष्टीची बातमी देत होते. सायबेरियाच्या उत्तरेला झोखोव्ह नावाचे बेट आहे. तिथे घसरगाड्यांचे अवशेष मिळाले, आणि तिथल्या सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या कुत्र्याचे आनुवंशिक नाते ग्रीनलंडच्या आजच्या ओढकाम करणाऱ्या कुत्र्यांशी जुळते, असे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. स्कीसुद्धा वयाने फारशी मागे नाही. रशियात व्हिस इथे सापडलेले स्कीचे तुकडे सुमारे आठ हजार वर्षांचे, तर स्वीडनमधली काल्व्ह्ट्रेस्कची स्की पाच हजारांहून अधिक वर्षांची. चौदाव्या शतकाच्या आरंभी इराणी इतिहासकार रशीदुद्दीन जंगलवासी उरियांखाई शिकाऱ्यांचे वर्णन करतो. ते पायांत फळ्या बांधून बर्फावर धावतात आणि शिकार दुसऱ्या फळीवर लादून आपल्यामागे ओढत नेतात. इथे दोर आहे, स्की आहे, पण ओढणारा माणूसच आहे.

स्कीवरचा माणूस आणि त्याच्यापुढचे जनावर ही जोडी जमवली ती उत्तर स्कँडिनेव्हियातल्या सामी लोकांनी, आणि तीही रेनडियरशी. विसाव्या शतकाच्या तोंडावर शहरी माणसांना यात मौज दिसली. 1901 मध्ये व्हिक्टर बाल्क यांच्या पुढाकाराने स्टॉकहोमला नॉर्डिक क्रीडास्पर्धा भरल्या, त्यांत स्कीजोरिंगला स्थान मिळाले. 1906 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्सच्या धनिक पाहुण्यांसाठी घोड्यांमागची शर्यत सुरू झाली आणि 1928 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिथल्याच गोठलेल्या तळ्यावर ती प्रदर्शनीय खेळ म्हणून झाली. घोड्यांवर स्वार नव्हते. लगाम मागच्या स्कीवाल्याच्या हाती. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या लेडव्हिल गावी 1949 पासून पुढे घोडेस्वार आणि मागे दोर धरलेला स्कीवाला असा त्याचा रांगडा अवतार सुरू झाला. या सगळ्या झगमगाटात कुत्रा कुठेही नव्हता. मला स्वतःला खेळाचा हा घोडेशाही अध्याय दिसायला देखणा, पण वंशावळीत आडफाट्याचा वाटतो.

मुख्य वाट ध्रुवाकडून आली. 1895 मध्ये नॉर्वेचे ध्रुवप्रवासी नान्सेन आणि योहान्सेन अठ्ठावीस कुत्रे घेऊन 86 अंश उत्तर अक्षांशापलीकडे पोहोचले. 14 डिसेंबर 1911 रोजी आमुंडसेन दक्षिण ध्रुवावर उभा राहिला तो कुत्रे आणि स्की या दोन्हींच्या बळावर. त्या यशाची काळी बाजूही सांगायला हवी: बावन्न कुत्रे निघाले, अकरा परतले, कारण वाटेत मारून खाण्याचा हिशेब आधीच मांडलेला होता. नॉर्वेत पुढे या विद्येला माणुसकीचे वळण लागले. एक-दोन कुत्रे, त्यांच्यामागे पुल्का नावाची होडीसारखी छोटी घसरगाडी आणि तिच्यामागे दोरीने बांधलेला स्कीवाला, अशा जोडणीने डोंगरातले जखमी खाली आणले जाऊ लागले. या जोडणीतून पुल्का वजा केली की उरते ते आजचे स्कीजोरिंग. 1925 मध्ये अलास्कातल्या नोम गावी घटसर्पावरचे प्रतिविष पोहोचवणाऱ्या कुत्र्यांनी जगभर नाव कमावले. पण नंतर विमाने आणि स्नोमोबाइल आली, कुत्र्यांचे काम गेले. अंटार्क्टिकातून तर 1991 च्या माद्रिद करारानुसार एप्रिल 1994 पर्यंत ते हद्दपारच झाले.

काम गेले आणि खेळ उरला. 1985 मध्ये कुत्रे जुंपण्याच्या खेळांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. नॉर्वेच्या मारी होए-राइट्टो आणि अलास्काच्या कॅरल केनर यांनी 1990 च्या दशकाच्या आरंभी लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तकाने घरात एकच कुत्रा असलेल्या माणसालाही ही वाट खुली केली. दहा-बारा कुत्र्यांचा तांडा नको, गाडी नको. कमरेला रुंद पट्टा, मध्ये झटका सोसणारी ताणदार दोरी, कुत्र्याच्या गळ्यावर भार न येता छातीवर बसणारा साज, आणि प्रसंगी क्षणात सुटणारी कडी. हाती लगाम नाही, चाबूक नाही; कुत्र्याला वळवायचे ते फक्त आवाजाने. ‘जी’ म्हटले की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटले की डावीकडे. आणि गंमत अशी, की या आरोळ्या तिकडच्या बैल हाकणाऱ्यांच्या! कुत्र्याला ओढायचे नसेल तर तो बसतो आणि खेळ तिथेच थांबतो.

बैलांच्या निमित्ताने घरी परत येऊ. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थांबवलेल्या बैलगाडा शर्यतींना डिसेंबर 2021 मध्ये सशर्त परवानगी मिळाली. 18 मे 2023 रोजी घटनापीठाने तमिळनाडूचा जल्लीकट्टू आणि महाराष्ट्राची बैलगाडा शर्यत या दोन्हींसाठी केलेले राज्यांचे कायदे वैध ठरवले. आपल्या नियमांनीही बैलाला काठी-चाबकाने मारायला आणि विजेचा झटका द्यायला मनाई केली आहे. पण बर्फावरचा कुत्रा बसून नकार देऊ शकतो. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, सुटलेल्या बैलाला ती सोय नाही. म्हणून पुढच्या जत्रेत घाटाच्या कडेला उभे राहाल, तेव्हा बारी, म्हणजे एक धाव, किती सेकंदांत गेली याच्याबरोबरच गाडीवानाच्या हातात काय आहे, तेही पाहा.