फुकटच्या पाकिटाची कुळकथा

सन 2017 च्या मे महिन्यात चीनच्या सांस्कृतिक मंत्रालयाचे एक फर्मान अमलात आले. ऑनलाइन खेळांत जी वस्तू दैवाच्या हवाली करून विकली जाते, तिच्यातून काय हाती लागण्याचा संभव किती, हे विक्रेत्याने उघड केले पाहिजे, असा त्याचा आशय होता. ब्लिझर्ड कंपनीच्या ‘हार्थस्टोन’ या पत्त्यांच्या संगणकीय खेळाला ते लागू झाले, आणि पाच पत्त्यांच्या पॅकमध्ये एक तरी ‘रेअर’ वा त्याहून दुर्मिळ पत्ता निश्चित, सरासरी पाच पॅकांमागे एक ‘एपिक’ आणि वीस पॅकांमागे एक ‘लेजंडरी’, असा जाहीरनामा चिनी खेळाडूंपुढे आला. इथवर सारे सरळ होते. परंतु पुढच्याच महिन्यात त्या खेळाच्या चिनी आवृत्तीतून पॅकची विक्रीच नाहीशी झाली. तेवढेच पैसे मोजावेत, त्याबद्दल थोडी ‘डस्ट’, म्हणजे खेळात पत्ते घडवायची भुकटी, विकत घ्यावी, आणि त्या खरेदीच्या आनंदात कंपनीने पॅक बक्षीस म्हणून हाती ठेवावेत, अशी नवी व्यवस्था झाली. कायद्याच्या कचाट्यातून निसटण्यासाठी केलेली ही मखलाशी आहे असे सर्वांनी म्हटले, आणि ते खोटे होते असे मीही म्हणणार नाही. तथापि मला त्या मखलाशीत निराळेच काही दिसले. हे पाकीट आपल्या मूळ घरी परत गेले होते. कारण पत्त्यांचे पाकीट जन्मले तेच मुळी दुसऱ्या मालाबरोबर फुकट द्यायची वस्तू म्हणून.

खेळण्याच्या पत्त्यांचा, म्हणजे बावन्न पानांचा, इतिहास येथे बाजूला ठेवला पाहिजे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा 120 पानांची असते, ती संपूर्ण विकत मिळते, आणि तिच्यातले एकही पान दुसऱ्याहून दुर्मिळ नसते. सबब तिचा आणि प्रस्तुत कुळाचा संबंध नाही. आपल्या पाकिटाचा आद्यपुरुष एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अमेरिकेतील व्हर्जिनिया संस्थानात रिचमंड येथे ॲलन अँड गिंटर ही सिगारेटची पेढी होती. नरम कागदी पाकीट दबू नये म्हणून त्यात पुठ्ठ्याचा तुकडा घालीत, त्याच्यावर चित्रे छापण्याची प्रथा पडली आणि ती चित्रे मालिकेने येऊ लागली. बॉनसॅकच्या यंत्राने सिगारेटी सुपाने निघू लागल्यावर ड्यूकसारख्या कारखानदारांना गिऱ्हाईक बांधून ठेवायला असल्या चित्रपत्त्यांची गरज भासली. ब्रिटनमध्ये विल्स आणि प्लेयर यांनी बहुधा पन्नास-पन्नास पत्त्यांचे संच काढले.

येथे क्षणभर थांबून एक हिशेब मांडावा असे मला वाटते. पन्नास चित्रे आहेत, पैकी एकही मुद्दाम दुर्मिळ केलेले नाही, प्रत्येक पाकिटात एक येते, आणि गिऱ्हाईक कोणाशीही अदलाबदल करीत नाही, असे धरले तर संच पुरा होण्यास सरासरी सुमारे 225 पाकिटे लागतात. आणि त्यांतली 50 एकट्या शेवटच्या पत्त्यासाठी खर्ची पडतात. कपटाचा लवलेश नसताना ही स्थिती! अर्थात शेजाऱ्याशी अदलाबदल सुरू झाली की हा आकडा झपाट्याने उतरतो, आणि 1927 साली स्थापन झालेल्या लंडन सिगारेट कार्ड कंपनीसारख्या दुकानातून नेमका हवा तो सुटा पत्ता विकत मिळू लागला की दैवाचा अंमल जवळजवळ संपतो. तेव्हा शेवटच्या पत्त्यावर ज्याची मालकी, त्याच्या हाती साऱ्या व्यापाराची किल्ली. आणि त्या किल्लीचा उपयोग अत्यंत निर्ढावलेपणाने कोणी केला असेल, तर तो बॉस्टनच्या गौडी गम कंपनीने.

गौडीने 1933 साली च्युइंगगमबरोबर बेसबॉलपटूंचे पत्ते द्यायला आरंभ केला. संचावर 1 ते 240 असे अनुक्रमांक होते. मुले एका सेंटला एक याप्रमाणे गम घेत राहिली, पत्ते लावीत राहिली, आणि 106 हा क्रमांक काही केल्या कोणालाच मिळेना. मिळणार कोठून? तो छापलाच नव्हता. ज्या दुर्मिळाच्या शोधात पोरे गम चघळीत होती ते दुर्मिळ नव्हते, ते अस्तित्वातच नव्हते. पुढे तक्रारींची पत्रे येऊ लागली, तेव्हा 1934 साली नॅपोलियन लॅजवे या जुन्या खेळाडूचे चित्र घालून 106 क्रमांकाचा पत्ता छापण्यात आला, आणि ज्यांनी पत्रे लिहिली होती त्यांना तो टपालाने रवाना झाला. संग्राहकांच्या लेखी आज तो अमोल आहे. मला त्याचे महत्त्व निराळ्या कारणासाठी वाटते. ज्याने पुष्कळ काळ खर्च केला आणि तरी ज्याला हवे ते लाभले नाही, त्याची समजूत घालण्यासाठी कंपनीने स्वहस्ते दैवाला बाजूला सारावे, हा प्रकार या कुळात मला प्रथम येथे दिसतो.

हार्थस्टोनचे खेळाडू ज्याला ‘पिटी टायमर’ म्हणतात ते याहून निराळे काय आहे? 11 मार्च 2014 रोजी हा खेळ रीतसर प्रसिद्ध झाला. खेळाडूंनी उघडलेल्या पॅकांच्या नोंदी एकत्र करून असे ताडले, की एका संचाचे चाळीस पॅक उघडेपर्यंत एक तरी लेजंडरी पत्ता येतोच येतो. पुढे 2017 च्या ऑगस्टमध्ये पहिल्या दहा पॅकांत एक लेजंडरी निश्चित झाला आणि तोच तो पुन्हा पदरी पडणे बंद झाले. 2020 साली हे दुसरे अभय सर्व श्रेणींच्या पत्त्यांना मिळाले. गौडीला मुलांच्या पत्रांची वाट पाहावी लागली; येथे पत्र येण्यापूर्वीच उत्तर लिहून तयार आहे, एवढाच काय तो फरक.

या माझ्या लाडक्या मताला प्रतिपक्ष आहे, आणि तो दुबळा नाही. त्याचे म्हणणे असे, की अमेरिकेच्या गमचा येथे काही संबंध नसून हे सारे कुळ जपानच्या ‘गाचापोन’चे आहे: नाणे टाकावे, मूठ फिरवावी, आणि खाली पडेल ती बोंडी उचलावी. ही यंत्रे 1965 पासून जपानात रुळली. ‘मेपलस्टोरी’ या ऑनलाइन खेळाच्या जपानी आवृत्तीने 2004 साली तो प्रकार पडद्यावर आणला, आणि कोनामीच्या ‘ड्रॅगन कलेक्शन’ने 2010 मध्ये मोबाइलवरच्या पत्त्यांशी त्याचा विवाह लावला. समजूत घालण्याची रीतही तिकडलीच, असे हा पक्ष सांगतो. 2016 च्या आरंभी सायगेम्स कंपनीच्या ‘ग्रॅनब्लू फँटसी’त एका पात्रासाठी लोकांनी अतोनात पैसा ओतला, ओरड झाली, आणि मग तीनशे खेपांनंतर हवे ते पात्र निवडून घेता येईल अशी ‘तेन्जो’ म्हणजे छताची मर्यादा आली. त्याच सायगेम्सने त्याच वर्षी ‘शॅडोव्हर्स’ हा पत्त्यांचा खेळ काढला. दुवा चोख आहे. पण तारखा पाहाव्यात: हार्थस्टोनची चाळीस पॅकांची हमी जपानी छताच्या आधीची आहे, आणि तिचे पाच पत्त्यांचे पॅक गाचाच्या बोंडीवरून नव्हे, तर 1993 साली रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेल्या आणि विझर्ड्स ऑफ द कोस्टने प्रसिद्ध केलेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’च्या पंधरा पत्त्यांच्या बूस्टरवरून घेतलेले आहेत. बूस्टरचा बाप बेसबॉलचा पत्ता, आणि आजा सिगारेटचा. गाचा हा त्या घराण्यात आलेला दत्तक. कर्तबगार दत्तक, हे मान्य.

खरे म्हणजे प्रतिपक्षाच्या जपानातच माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. 2011-12 च्या सुमारास तेथील ग्री आणि डीएनए या कंपन्यांच्या मंचांवर ‘कोंपु गाचा’ बोकाळला होता: गाचातून अमुक इतके विवक्षित पत्ते जमवा, संच पुरा करा, की एक अतिविशिष्ट पत्ता बक्षीस. मे 2012 मध्ये तेथील ग्राहकव्यवहार संस्थेने हा प्रकार बेकायदा ठरवला. त्याची बातमी फुटताच दोन्ही कंपन्यांचे समभाग कोसळले आणि काही दिवसांत कंपन्यांनी तो आपण होऊन बंद केला. कोणत्या कायद्याने? जुगाराच्या नव्हे. 1962 च्या, अवाजवी बक्षिसांना आळा घालणाऱ्या कायद्याने. आणि त्याखालील ‘कार्ड-मेळ’ या प्रकारावरील जुन्या मनाईने. ही मनाई कोणाला उद्देशून होती? खाऊच्या पुड्यांना. 1950 च्या दशकाच्या आरंभी कोबाई कॅरमेलच्या पुड्यांत योमिउरी जायंट्स संघाच्या खेळाडूंचे पत्ते निघत, आणि संघ पुरा जमवणाऱ्याला वस्तू बक्षीस मिळत. असल्या आमिषांची आठवण त्या मनाईमागे आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. 1971 सालच्या कॅल्बीच्या ‘कामेन रायडर स्नॅक’पर्यंत तर पोरे पत्ता खिशात घालून खाऊ फेकून देऊ लागली होती, ‘लकी कार्ड’ निघाले की ते पाठवून अल्बम मागवावा, ही तिथली रीत कूपन घेऊन अल्बम देणाऱ्या ॲलन अँड गिंटरची थेट नात शोभते.

आणि यातला बारकावा असा, की संस्थेने साध्या गाचाला हात लावला नाही. गाचातून जे निघते ते पैसे मोजून घेतलेले असल्याने तो माल. बक्षीस नव्हे, म्हणून कायदा त्याला शिवत नाही. संच पुरा झाल्यावर मिळणारा शेवटचा पत्ता मात्र फुकट मिळतो, म्हणून तो बक्षीस, म्हणून तो गुन्हेगार. पाच वर्षांनी चीनमध्ये बरोबर उलटा न्याय लागला: तेथे माल म्हणून विकलेले पॅक सरकारच्या नजरेत आले, आणि बक्षीस म्हणवून घेऊन ते सुटले. एकाच वस्तूला जपानात बक्षीसपणाने बुडवले आणि चीनमध्ये बक्षीसपणाने तारले. बेल्जियमच्या जुगार आयोगाने 2018 साली ‘ओव्हरवॉच’, ‘फिफा 18’ आदी खेळांतील दैवाच्या हवाली विकल्या जाणाऱ्या पेट्यांना सरळ जुगार म्हटले, तर अमेरिकेच्या नवव्या सर्किट न्यायालयाने 2002 मध्येच फ्लीअर/स्कायबॉक्सच्या दाव्यात, दुर्मिळ पत्ता निघाला नाही ही निराशा म्हणजे मालमत्तेची हानी नव्हे, असे सांगून फिर्याद निकालात काढली. बेल्जियमचा निर्णय न्याय्य असेल. पण वंशावळीच्या दृष्टीने मला तो उपरा वाटतो. हे कुळ जुगारखान्यातून नव्हे, किराणा दुकानातून आले आहे.

आता डस्ट. तिची आई निराळी. ब्लिझर्डच्याच 2004 सालच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये जादूच्या वस्तू विस्कटून त्यांची भुकटी करण्याचा उद्योग होता, तेथून ती हार्थस्टोनमध्ये आली, आणि तिने येथे लंडनच्या त्या सुट्या पत्त्यांच्या दुकानाची जागा घेतली. खेळाडूंना आपसांत पत्ते बदलता येत नाहीत. नको असलेला पत्ता मोडावा, आणि मिळालेल्या डस्टमधून हवा तो घडवावा. परगण्याच्या नाण्याला सराफाच्या पेढीवर बट्टा लागावा तसा येथे बट्टा आहे, आणि त्याचे दर पाहण्यासारखे आहेत. लेजंडरी घडवायला 1600, मोडल्यास 400: चौथाई हाती. एपिक 400 आणि 100: तीही चौथाई. रेअर 100 आणि 20: पाचवा हिस्सा. कॉमन 40 आणि 5: अवघा आठवा हिस्सा. म्हणजे पत्ता जितका सामान्य तितका बट्टा जबर. आणि सामान्य पत्ते कोणाच्या पदरी जास्त, हे सांगायला नको. ‘फुकट खेळा’ या पाटीखाली रोजच्या कामगिरीबद्दल निदान चाळीस सोन्याची नाणी, दर तीन विजयांमागे दहा, आणि शंभर नाण्यांना एक पॅक, असा आरंभीचा मुशाहिरा होता. त्या मुशाहिऱ्यावर जगणाऱ्याचा खरा खर्च पॅकमध्ये नसून या बट्ट्यात आहे, असे माझे मत आहे.

कुळाबाहेर पडू पाहणाऱ्यांची गत थोडक्यात सांगतो. स्वतः गारफील्ड यांनी 2016 मध्ये एक जाहीरनामा लिहून, व्यसनी स्वभावाच्या थोड्या खेळाडूंकडून अमर्याद पैसा उपसणाऱ्या खेळांना ‘स्किनरवेअर’ म्हणून झोडपले. पुढे 2018 मध्ये व्हॉल्व्हसाठी त्यांनी रचलेल्या ‘आर्टिफॅक्ट’मध्ये आधी खेळाची किंमत, मग पॅकची, आणि मग बाजारातल्या व्यवहारावर कंपनीची दस्तुरी, असा तिहेरी सारा होता. रयत पळाली, 2021 साली सर्व पत्ते सर्वांना मोफत करून काम थांबवण्यात आले. रायटच्या ‘लेजंड्स ऑफ रुनटेरा’ने 2020 मध्ये पॅक विकणेच नाकारले, आठवड्याच्या खेळावर पेटी दिली, हव्या त्या पत्त्यात बदलता येणारी वाइल्डकार्डे दिली, खेळाडूंनी वाहवा केली, आणि 2024 च्या आरंभी कंपनीने, या खेळावर मिळकतीपेक्षा खर्चच कितीतरी जास्त होतो, असे सांगून त्यावरील माणसे कमी केली. हार्थस्टोनचे माजी संचालक बेन ब्रोड यांच्या ‘मार्व्हल स्नॅप’ने 2022 मध्ये पॅक टाकून पत्त्यांच्या सजावटीला प्रगतीची शिडी बनवले, मूळ घराण्याशी फटकून निघालेल्यांत मला तो एकच धडपणे जगलेला दिसतो.

मूळ शाखा मात्र भरभराटीत आहे, आणि तिचा कारभारी ओळखीचा आहे. 2012 साली ज्या डीएनएचे समभाग कोंपु गाचापायी कोसळले, तीच डीएनए ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’च्या निर्मितीत भागीदार आहे. हा खेळ 30 ऑक्टोबर 2024 रोजी प्रसिद्ध झाला. त्यात दर बारा तासांनी पाच पत्त्यांचा एक पॅक फुकट मिळतो, उघडलेल्या प्रत्येक पॅकमागे पाच गुण जमा होतात, आणि त्या गुणांतून हवा तो पत्ता घेता येतो. मात्र एका संचाचे गुण दुसऱ्या संचाला चालत नाहीत.