कल्पित भूमी आणि खरी नावे : अद्भुतरम्य खेळांतील स्थलनामांचा भाषिक इतिहास

विशेषनामाला निर्देश असतो, आशय नसतो, हा सिद्धांत जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात मांडला. त्यासाठी त्याने दिलेले उदाहरण एका स्थलनामाचे आहे. डार्टमथ हे गाव डार्ट नदीच्या मुखाशी वसले म्हणून त्याला ते नाव मिळाले. पण उद्या नदीने पात्र बदलले आणि मुख दूर गेले, तरी गावाचे नाव बदलण्याचे कारण नाही. नावाच्या व्युत्पत्तीतला अर्थ आणि नावाचे कार्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्याचे म्हणणे होते. हा सिद्धांत कल्पित भूगोलाला लावून पाहिला, की तो उलटा होतो. जे गाव कोठेच नाही, त्याच्या नावाला निर्देश करण्याजोगे काहीच उरत नाही. मिलने जो आशय गौण ठरवला, त्याच्यावरच आता सारा भार येतो. नकाशावरचे ते नाव कोणत्या भाषेसारखे वाजते, कोणत्या लोकांची आणि काळाची आठवण जागवते, यावरच ते गाव उभे राहते. अद्भुतरम्य खेळांतील स्थलनामांचा विचार साहित्यसमीक्षेच्या कक्षेत येतो, तो या कारणाने.

या नामकरणाची आधुनिक परंपरा जे. आर. आर. टॉल्किन याच्यापासून मोजली जाते. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या कादंबरीतील भाषा त्याने स्वतः घडवल्या. त्यांपैकी क्वेन्या या भाषेवर फिनिशचा आणि सिंदारिनवर वेल्शचा ठसा आहे, हे सर्वज्ञात आहे. परंतु स्थलनामांच्या दृष्टीने त्याची अधिक सूक्ष्म कामगिरी ब्री या लहानशा गावाच्या परिसरात दिसते. 'ब्री' हा शब्द इंग्लंडमध्ये इंग्रजी येण्यापूर्वीच्या ब्रिटॉनिक भाषेतला असून त्याचा अर्थ टेकडी. जवळच्या चेटवुड या अरण्याच्या नावातला 'चेट' म्हणजेही ब्रिटॉनिक भाषेतले रान, आणि 'वुड' म्हणजे पुन्हा इंग्रजीतले रान. ऑक्सफर्डपासून फार दूर नसलेल्या बकिंगहॅमशर परगण्यात ब्रिल आणि चेटवुड ही गावे प्रत्यक्षात आहेत. ब्रिल या नावात ब्रिटॉनिक टेकडीला इंग्रजी टेकडी जोडली गेली आहे. पोर्तुगीज 'पाव' आणि देशी 'रोटी' मिळून 'पावरोटी' व्हावी, तशी ही द्विरुक्ती आहे. नव्याने आलेल्या लोकांना जुन्या शब्दाचा अर्थ कळेनासा झाला, की ते आपला शब्द त्याला जोडतात. अशा द्विरुक्तीत एका भाषेने दुसरीवर केलेली मात नोंदली जाते. टॉल्किनने ब्रीच्या परिसरात केल्टिक वळणाची नावे हेतुपूर्वक ठेवली; त्या भूमीवर आधी दुसरे कोणी राहत होते, हे त्याला एकही वाक्य न लिहिता सुचवायचे होते. नाव उसने आहेच, पण त्याबरोबर नावे कशी झिजतात आणि साचतात, ही प्रक्रियाही त्याने उचलली आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला आणि नामकरणाची परिस्थिती बदलली. या प्रकारच्या खेळात संहिता अपुरी असते. मेजाभोवती बसलेले खेळाडू ती बोलून पुरी करतात. कादंबरीच्या वाचकाला एखादे नाव अंगवळणी पडण्यासाठी शेकडो पाने मिळतात. खेळाडूला मात्र ते ऐकताक्षणी ओळखू यावे लागते. तेथे बर्फ असेल की वाळू, किल्ला असेल की मशीद, हे नावानेच सांगितले पाहिजे. त्यामुळे स्थलनामाचे रूपांतर नेपथ्याच्या पडद्यात झाले. पडदा तयार मिळण्याचे सर्वांत मोठे कोठार म्हणजे जगाचा इतिहास.

'वॉरहॅमर' या १९८३ साली इंग्लंडमध्ये निघालेल्या खेळाचे 'ओल्ड वर्ल्ड' या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्यातील साम्राज्याची राजधानी आल्टडॉर्फ. जर्मनमध्ये या शब्दाचा अर्थ 'जुने गाव' एवढाच असून स्वित्झर्लंडच्या ऊरी प्रांताचे मुख्य ठिकाण याच नावाचे आहे. मारियेनबुर्ग हे ट्यूटॉनिक सरदारांच्या किल्ल्याचे नाव. तो किल्ला आज पोलंडमधील मालबोर्क येथे आहे. खेळात मात्र त्या नावाचे शहर नेदरलंडच्या धर्तीचे व्यापारी बंदर होते. रशिया-पोलंडच्या छायेतील देशाला किस्लेव म्हटले आहे. किस्लेव हा हिब्रू पंचांगातील महिना असून हनुका हा सण त्याच्या २५ तारखेला सुरू होतो. देशाशी त्याचे नाते एवढेच, की कानाला तो किएव्हच्या जवळचा लागतो. त्याच देशात प्राग हे शहर आहे आणि लिहिताना त्यात एक स्वर वाढवला आहे. चेक लोकांची राजधानी त्यामुळे रशियन बर्फात जाऊन पडते. येथे नावांची निवड व्युत्पत्तीने झालेली नाही. इंग्रजी कानाला जे 'पूर्वेकडचे' वाटते, ते पूर्वेला ठेवले गेले आहे.

याच नकाशाच्या कडेला अ‍ॅरबी, इंड, कॅथे आणि निप्पॉन ही नावे येतात. कॅथे हे नाव खितान या लोकांवरून पडले. ते चिनी नव्हते; त्यांनी उत्तर चीनवर ९०७ ते ११२५ या काळात लियाव घराण्याच्या रूपाने राज्य केले, आणि मध्ययुगीन युरोपने त्यांचे नाव साऱ्या उत्तर चीनला लावले. इंड या नावाचा प्रवास याहून लांबचा आहे. संस्कृत 'सिंधु'चे प्राचीन फारसीत 'हिंदु' झाले, ग्रीकांच्या तोंडी हकार गळून 'इंडोस' झाले, आणि लॅटिनमार्गे ते इंग्रजी काव्यभाषेत 'इंड' होऊन राहिले. यांपैकी निप्पॉन तेवढे त्या देशाने स्वतःला दिलेले नाव आहे. बाकीची नावे दुरून पाहणाऱ्यांनी दिलेली असून ती युरोपच्या जुन्या नकाशांतून खेळाच्या नकाशावर जशीच्या तशी उतरली. २०२२ च्या 'टोटल वॉर : वॉरहॅमर ३' या संगणकीय खेळात कॅथेला सविस्तर रूप मिळाले, तरी नाव तेच राहिले. एकदा रूढ झालेले नाव कल्पित जगातही सहसा बदलत नाही, हे मिलचे निरीक्षण येथे निराळ्या वाटेने खरे ठरते.

'ओरिएंटल अ‍ॅडव्हेंचर्स' (१९८५) या ग्रंथात प्रथम आलेल्या कारा-तुर या खंडात हीच गोष्ट अधिक उघडी होते. त्यात कोर्यो नावाचा देश आहे. ९१८ ते १३९२ या काळात कोरियावर राज्य करणाऱ्या राजवटीचे ते नाव असून 'कोरिया' हा शब्दही त्यातूनच आला. त्याच खंडात जपानच्या धर्तीवरील देशाला 'वा' म्हटले आहे. चिनी इतिवृत्तांनी जपानला दिलेले हे नाव जपानी लोकांना खटकत होते. ८ व्या शतकात त्यांनी ते चिन्ह टाकून त्याच उच्चाराचे, 'सुसंवाद' या अर्थाचे दुसरे चिन्ह स्वीकारले. रोमन लिपीतील दोन अक्षरांत हा मानापमानाचा इतिहास पुसला जातो. १९९२ मध्ये आलेल्या 'अल-कादिम' या अरबी वळणाच्या मालिकेचे शीर्षक मराठी वाचकाला परके वाटू नये. जुन्या कागदपत्रांत पुरातन, पूर्वापार या अर्थाने येणारा 'कदीम' हाच तो शब्द. मराठीत तो कारभाराचा आणि वहिवाटीचा शब्द आहे, तर अमेरिकन खेळाडूला तो केवळ गूढाचा सुगंध आहे. एकाच शब्दाचा आशय ऐकणाऱ्याच्या इतिहासावर किती अवलंबून असतो, हे यावरून दिसते.

येथे एक व्यावहारिक विरोधाभासही आहे. टॉल्किनच्या हक्कधारकांनी आक्षेप घेतल्यावर 'हॉबिट' हा शब्द 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधून १९७० च्या दशकातच काढावा लागला. कल्पित शब्दाला मालक होता. कोर्यो किंवा इंड या खऱ्या नावांना तसा कोणी हक्कधारक नव्हता. इतिहासातील नावे ही बिनमालकी जमीन ठरली.

याहून वेगळी वाट एम. ए. आर. बार्कर (१९२९-२०१२) याने चोखाळली. क्लॅमथ या अमेरिकन आदिवासी भाषेवर संशोधन केलेला, उर्दू आणि बलुची शिकवण्यासाठी पाठ्यपुस्तके रचणारा हा भाषाशास्त्रज्ञ मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई अभ्यास शिकवत असे. त्याचा 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' हा खेळ १९७५ साली आला. जकाल्ला, अवंथार, खिरगार, बेय स्यू ही त्यातील नगरनामे कोणत्याही एका देशाची आठवण देत नाहीत, तरी ती एकाच भाषेतली आहेत हे जाणवते. त्सोल्यानू या देशातले ते त्सोल्यानी आणि लिव्यानूचे ते लिव्यानी. हिंदुस्थान-हिंदुस्थानी हा प्रत्ययविचार माहीत असलेल्याला येथे ओळखीचे काही दिसते. पण ओळख व्याकरणाची आहे, देशाची नाही. परक्या भाषांकडून बार्करने रचनेची रीत घेतली, तयार चित्र घेतले नाही.

तथापि यावरून नैतिक निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. बार्करने टोपणनावाने लिहिलेली एक नाझीवादी कादंबरी १९९१ साली प्रसिद्ध झाली होती, हे त्याच्या कल्पित जगाचा वारसा सांभाळणाऱ्या प्रतिष्ठाननेच २०२२ मध्ये मान्य केले. परक्या भाषांचे सखोल ज्ञान माणसाला परक्यांविषयी उदार करतेच असे नाही. नावांची गुणवत्ता आणि नाव देणाऱ्याची सद्बुद्धी या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, आणि समीक्षेने त्या वेगळ्याच ठेवाव्यात.

उसन्या नावांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो, की खेळ हा खेळ आहे आणि ओळखीच्या नावाशिवाय तो सुरूच होऊ शकत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. सर्वस्वी अनोळखी नावांचे जग खेळाडूला बाहेरच ठेवते, आणि बार्करच्या खेळाचा प्रसार मर्यादित राहिला त्याचे एक कारण हेही असावे. शिवाय उसनवारी टॉल्किननेही केली. त्यामुळे प्रश्न उसनवारीचा उरत नाही. उसने नाव नव्या भूमीत काही काम करते की नाही, हा खरा प्रश्न आहे. ब्री हे नाव त्या कल्पित भूमीचाच भूतकाळ सांगते. वा आणि इंड ही नावे त्या भूमीविषयी काहीच सांगत नाहीत. ऐकणाऱ्याच्या मनात आधीच असलेली पूर्वेची प्रतिमा ती फक्त जागी करतात. ज्या समाजांची ती प्रतिमा आहे, त्यांतले वाचक आता याच मेजाभोवती बसू लागले आहेत. इंड या शब्दापाशी त्यांतला एखादा थबकतो, तेव्हा त्याला त्या नकाशावर स्वतःचा देश दिसत नाही. आपल्या देशाकडे कोठून पाहिले गेले, ती जागा दिसते. स्थलनामाचा अभ्यासक या वाचकाला दुसरे काही देऊ शकत नसला, तरी त्या जागेचा पत्ता निश्चित देऊ शकतो.