मुकुंदराजांच्या नावाला किती जागा लागते?

अंबाजोगाईच्या परिसरात मराठी शिकवणाऱ्यास वर्षातून एकदा तरी मुकुंदराज आणि दासोपंत यांच्याकडे वळावेच लागते. शके १११० चा, म्हणजे इ. स. ११८८ चा 'विवेकसिंधू' परंपरेने मराठीतील आद्य काव्यग्रंथ मानला जातो आणि त्याच्या कर्त्याची समाधी याच गावी दाखवली जाते. म्हणून छंदःशास्त्राच्या तासाला लघु-गुरूच्या सरावासाठी आम्ही फळ्यावर दोन शब्द लिहिले : 'मुकुंदराज' आणि 'अंबाजोगाई'. दोन्हींची अक्षरे पाच-पाच. पहिल्याच्या मात्रा सात, दुसऱ्याच्या दहा. अक्षरे समान असूनही काल समान नाही, हे आम्हांस दाखवायचे होते.

तेवढ्यात एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, आणि संगणकात यांना किती जागा लागते?" प्रश्नामागे कारण होते. एका परीक्षेच्या अर्जात तिने आपले पूर्ण नाव इंग्रजीत व मराठीत भरले होते. छापील प्रतीत इंग्रजी नाव पूर्ण आले. मराठी नावातले आडनाव मध्येच तुटले आणि तुटल्या जागी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटले. दोन्ही रकान्यांची लांबी तर सारखीच होती! या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस जो इतिहास वाचावा लागला, तो साहित्याच्या अभ्यासकांनाही परका वाटू नये, म्हणून येथे मांडत आहोत.

संगणकाची स्मृती म्हणजे क्रमांक दिलेल्या लहान लहान खणांची एक लांब ओळ. एकेका खणास 'बाइट' म्हणतात आणि त्यात हो-नाहीच्या आठ खुणा, म्हणजे आठ 'बिट', मावतात. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवण्याचे काम 'कंपायलर' करतो. कोणत्या वस्तूला किती खण द्यायचे, हे तो सहसा प्रोग्राम चालण्यापूर्वीच ठरवून टाकतो. त्यासाठी तो वस्तूत काय भरले जाणार हे पाहत नाही. ती कोणत्या प्रकारची म्हणून जाहीर केली आहे, एवढेच पाहतो. वृत्ताचा गण कवितेच्या आशयावर अवलंबून नसतो, तसेच हे आहे.

परंतु 'प्रकार' ही कल्पना आरंभापासून नव्हती. १९६७ च्या सुमारास केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांनी रचलेल्या बीसीपीएल भाषेत, तसेच तिच्यावरून केन थॉम्पसन यांनी बेल प्रयोगशाळेत तयार केलेल्या 'बी' या भाषेत, सर्व वस्तूंचे माप एकच होते. त्या मापास 'शब्द' म्हणत. थॉम्पसन यांच्या पीडीपी-७ या यंत्रावर तो १८ बिटांचा होता. संख्या असो वा अक्षर, प्रत्येकास एक शब्द. पुढे पीडीपी-११ हे यंत्र आले आणि त्यात प्रत्येक बाइटला स्वतंत्र पत्ता मिळाला. आता एकेक अक्षर एकेका खणात सुखाने राहू शकत होते. परंतु 'बी' भाषेला शब्दाहून लहान काही ठाऊकच नव्हते. ही अडचण दूर करण्यासाठी, आणि अन्य काही कारणांनी, डेनिस रिची यांनी १९७१ पासून तिच्यात प्रकारांची भर घातली. त्यांतला एक प्रकार 'कॅर', म्हणजे कॅरेक्टर, म्हणजे अक्षर! या सुधारणेतूनच 'सी' ही भाषा घडली. म्हणजे प्रकारांच्या या व्यवस्थेच्या मुळाशी अक्षराच्या जागेचाही प्रश्न होता.

मापे मात्र यंत्रागणिक बदलत राहिली. कर्निगन आणि रिची यांच्या १९७८ च्या ग्रंथात याचे कोष्टकच आहे. पूर्णांकासाठी पीडीपी-११ वर १६ बिट, आयबीएम ३७० वर ३२, हनीवेल ६००० वर ३६. आणि या शेवटच्या यंत्रावर अक्षरही आठ नव्हे, नऊ बिटांचे. १९८९ च्या अमेरिकी प्रमाणकाने यातून मार्ग काढला : 'कॅर' या प्रकाराचे माप व्याख्येनेच १, आणि बाकी सर्वांची मापे त्याच्या पटीत.

अनेक प्रकार एकत्र बांधून वस्तू घडवली, की आणखी एक गंमत होते. समजा, विद्यार्थ्याच्या नोंदीत प्रथम वर्गाचे एक अक्षर (१ बाइट), मग हजेरी क्रमांक (४ बाइट) आणि शेवटी तुकडीचे अक्षर (१ बाइट) असा क्रम आहे. बेरीज सहा होते, तरी नेहमीच्या यंत्रांवर कंपायलर बारा बाइट देतो. चार बाइटांची संख्या चाराने भाग जाणाऱ्या पत्त्यावरच ठेवायची, असा दंडक असल्यामुळे तो आधी तीन खण रिकामे सोडतो, आणि लगतची पुढची नोंदही दंडकात बसावी म्हणून शेवटी तीन. हजेरी क्रमांक पहिला लिहिला, तर आठांत भागते. पण हा क्रम सी भाषेचा कंपायलर स्वतः बदलू शकत नाही. संस्कृत श्लोकातील 'च', 'वै', 'हि' ही पादपूरके वाचकांस येथे आठवतील. तसेच, 'सत्य' या शब्दातला ऱ्हस्व 'स' पुढील जोडाक्षरामुळे गुरू होतो. शेजाऱ्यामुळे माप वाढणे आपल्याला नवे नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अक्षर म्हणजे एक बाइट, हे समीकरण ज्या लिपीवरून बसले ती इंग्रजीची. तिची अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे १९६३ मध्ये आलेल्या आस्की या संकेताच्या १२८ जागांत मावत. बाइटच्या उरलेल्या १२८ जागा भारतीय लिपींसाठी वापरण्याची युक्ती इस्की या संकेताने केली. १९९१ मध्ये तो भारतीय मानक झाला आणि पुण्याच्या सी-डॅकने त्याचा पुष्कळ प्रसार केला. त्यात 'अ'चा क्रमांक १६४ होता. परंतु 'कॅर' धन मानायचा की ऋणही, हे सी भाषेने कंपायलरवर सोडले होते. जेथे तो ऋण मानला जाई, तेथे १२७ च्या वरचा प्रत्येक क्रमांक ऋण होई आणि आमचा 'अ' उणे ९२ वाचला जाई. वर्णमालेचा आरंभच शून्याच्या खाली!

युनिकोडने जगातल्या लिपींना स्वतंत्र क्रमांक दिले. ते बाइटांत कसे लिहायचे याची आज सर्वाधिक रूढ असलेली पद्धत, यूटीएफ-८, सप्टेंबर १९९२ मध्ये त्याच केन थॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्यासह न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात, टेबलावरच्या कागदावर आखली. तिच्यात माप ओवीसारखे सैल आहे : एका संकेतास एकपासून चारपर्यंत बाइट. इंग्रजीस पूर्वीप्रमाणेच एक. २०४७ पर्यंतच्या क्रमांकांस दोन. देवनागरीची वस्ती २३०४ पासून सुरू होते, म्हणून तिला तीन. १९४८ पर्यंत निजामी राजवटीत आमच्या जिल्ह्याच्या दप्तरात वावरलेल्या उर्दूची अक्षरे दोन बाइटांत बसतात. २०१४ मध्ये युनिकोडमध्ये दाखल झालेल्या मोडीला मात्र चार लागतात. एकाच तालुक्याच्या जुन्या कागदांतील लिपींना हे तीन वेगवेगळे दर!

म्हणून 'मुकुंदराज' या शब्दाचा हिशेब असा : अक्षरे ५, मात्रा ७, युनिकोडचे संकेत ९ (काना, उकार, अनुस्वार वेगळे मोजून), आणि यूटीएफ-८ मध्ये बाइट २७. 'अंबाजोगाई'चेही संकेत नऊ आणि बाइट सत्तावीसच. छंदःशास्त्राला दिसणारा सात आणि दहा मात्रांचा भेद यंत्राला दिसत नाही, आणि यंत्र जे मोजते ते आपल्या कानाला ऐकू येत नाही.

विद्यार्थिनीच्या तुटक्या आडनावाचा उलगडाही येथेच होतो. रकाना ५० बाइटांचा ठेवला, तर इंग्रजीची ५० अक्षरे बसतात. देवनागरीचे, मोकळ्या जागा सोडल्या तर, १६ संकेत बसतात, म्हणजे आपली आठ-नऊ अक्षरे. सतराव्या संकेताचे दोन बाइट आत आणि तिसरा बाहेर राहतो. त्या अर्धवट संकेताच्या जागी ते प्रश्नचिन्ह उमटते. मोबाइलवरील लघुसंदेशातही हेच गणित आहे : इंग्रजीत १६० अक्षरे, मराठीत ७० संकेत.

यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. रिची यांच्यासमोर पीडीपी-११ होता, देवनागरी नव्हती. पण त्यांनी दिलेले नाव आपण तपासून घेतले पाहिजे. 'कॅर' हे नाव अक्षराचे असले, तरी मोजला जातो तो बाइट. इंग्रजीत हा भेद लपून राहतो, मराठीत तो लगेच उघडा पडतो. रकान्याची लांबी बाइटांत न सांगता संकेतांत सांगण्याची, अथवा ती तिप्पट ठेवण्याची सोय आज सहज उपलब्ध आहे. ती वापरायची, तर अर्ज आखणाऱ्यास आधी ठाऊक हवे, की अक्षर, मात्रा, संकेत आणि बाइट ही चार निरनिराळी मापे आहेत. त्यांतली पहिली दोन तर आपल्या विद्यार्थ्यांना बी. ए. च्या वर्गातच शिकवली जातात. उरलेली दोन त्याच तासाला सांगायला किती वेळ लागतो?

दासोपंतांनी पंचीकरणाचा विषय पोथीच्या पानावर न मांडता एका लांबलचक कापडावर लिहिला. ती पासोडी अंबाजोगाईचे भूषण आहे. तेथे मजकुराला पुरेल एवढे कापड होते. आमच्या विद्यार्थिनीला फक्त तिचे आडनाव पुरते मावेल एवढी जागा हवी होती.