मागणीची भाषा : महासंगणक आणि फाइल

महासंगणकांच्या इतिहासात वेगाची वर्णने पुष्कळ आढळतात. त्या यंत्रांकडे माहिती मागण्याच्या रीतीचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. आमच्या मते तो मुळात भाषेचाच इतिहास आहे.

युनिक्सने फाइल म्हणजे बाइटांची एक सलग रांग मानली. अमुक ठिकाणापासून इतके बाइट द्या, एवढेच तिला सांगायचे. १९८८ साली पॉझिक्स मानकाने ही रीत पक्की केली. एका प्रोसेसरला ती पुरेशी होती. पुढे शेकडो प्रोसेसर एकाच सारणीवर काम करू लागले आणि तिची मर्यादा उघड झाली. सारणी फाइलीत ओळीओळीने लिहिलेली. प्रोसेसरला हवा तिचा उभा पट्टा. साहजिकच प्रत्येक ओळीतला इवलासा तुकडा त्याला स्वतंत्रपणे मागावा लागे.

शास्त्रीय प्रोग्राम मोठमोठे सलग भाग मागतात, असा तेव्हा समज होता. डार्टमथ कॉलेजच्या डेव्हिड कॉट्झ व निल्स न्यूवेयार यांनी नासाच्या एम्स केंद्रातील आयपीएससी/८६० या यंत्राचा प्रत्यक्ष वापर तपासून १९९४ साली निष्कर्ष मांडले. बहुसंख्य मागण्या लहान निघाल्या. त्यांच्यामधील अंतरांत नियमितपणाही दिसून आला. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या मनात एक पूर्ण वाक्य होते. भाषेअभावी तो ते सुट्या अक्षरांत सांगत होता.

उपायाची दिशा १९९३ सालीच दिसली होती. डेल रोझारियो, राजेश बोर्डवेकर आणि आलोक चौधरी यांनी सुचवले, की प्रोसेसरांनी आधी सलग भाग वाचावेत, मग ते आपसांत वाटून घ्यावेत. १९९७ च्या एमपीआय-२ मानकाने त्यासाठी शब्द पुरवले : आपला पट्टा एकदाच वर्णावा आणि सर्वांनी मिळून मागावा. १९९८ साली आर्गॉन प्रयोगशाळेच्या राजीव ठाकूर, विल्यम ग्रॉप व यूइंग लस्क यांनी एकच काम चार प्रकारे मांडून वेळ मोजला. संपूर्ण वर्णन आणि संयुक्त मागणी असलेला प्रकार सरस ठरला. डिस्क त्याच होत्या. बदलली होती ती मागण्याची रीत.

तरीही अनेक प्रोग्राम आजही जुन्याच रीतीने तुकडे मागतात. सवयीची भाषा सुटत नाही, हे आम्हां भाषेच्या शिक्षकांना नवे नाही. परंतु मनातला हेतू यंत्राला सांगितलाच नाही, तर यंत्राने तो ओळखावा तरी कसा?