आपत्ती प्रतिसादाची रंगीत तालीम (आरोग्य शिक्षण)

आपत्ती प्रतिसादाची रंगीत तालीम ही आरोग्य शिक्षणातील एक प्रशिक्षण पद्धत आहे. तीत वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र आदी शाखांचे विद्यार्थी आग, पूर किंवा स्फोट यांसारखा कल्पित प्रसंग एकत्र हाताळतात. विविध शाखांच्या अशा सहशिक्षणाविषयीचा आराखडा जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये प्रसिद्ध केला.

भंडाऱ्यातील दुर्घटना

९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू दक्षता कक्षाला आग लागली. कक्षातील १७ बालकांपैकी १० दगावली. ७ बालकांना वाचविण्यात आले. नवजात बालके स्वतः बाहेर पडू शकत नाहीत. त्यामुळे अशा कक्षात सुटका सर्वस्वी इतरांच्या समन्वयावर अवलंबून असते.

स्वरूप

तालमीत प्राणवायूचा पुरवठा कोणी बंद करावा, अग्निशमन दलाला कोणी कळवावे, बालके कोणत्या क्रमाने हलवावीत व त्यांच्या ओळखपट्ट्या कोणी तपासाव्यात, हे आधीच ठरविले जाते. जखमींची संख्या मोठी असल्यास तातडीनुसार लाल, पिवळा, हिरवा व काळा अशी वर्गवारी करतात. अखेरीस सर्व शाखांचे विद्यार्थी एकत्र बसून झालेला विलंब व निरोपांतील गोंधळ यांचा आढावा घेतात.