कृतिशील व्यवसाय शिक्षण

कृतिशील व्यवसाय शिक्षण : विद्यार्थ्याने एखादे उपयुक्त काम प्रत्यक्ष हाताने करावे आणि ते करीत असताना त्यामागील शास्त्र, गणित व व्यवहार आत्मसात करावा, या तत्त्वावर आधारलेली शिक्षणपद्धती. शिक्षकाने सांगावे, विद्यार्थ्याने उतरवून घ्यावे आणि शेवटी प्रात्यक्षिक व्हावे, हा रूढ क्रम या पद्धतीत उलटा होतो. आधी काम समोर येते, कामातून प्रश्न उभा राहतो आणि प्रश्नाच्या उत्तरासाठी पुस्तकाकडे वळावे लागते. महाराष्ट्रात या विचाराला सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्यात दोन प्रश्न पुन:पुन्हा पुढे आलेले दिसतात : विद्यार्थी जे बनवितो ते कोणाच्या उपयोगी पडते, आणि शिकविणाऱ्याचा हात त्या कामात मुरलेला आहे काय?

पार्श्वभूमी : परंपरेने सुतार, लोहार, कुंभार, कोष्टी यांचे कसब घरातच बापाकडून मुलाकडे जात असे. हे शिक्षण पूर्णपणे कृतीतून होई. परंतु ते जातीच्या चौकटीत बंदिस्त होते आणि त्यामागील कारणमीमांसा क्वचितच शब्दांत मांडली जाई. दुसऱ्या बाजूस पाठशाळांतील विद्या केवळ शब्दांची होती. हाताने काम करणारा शिकत नाही आणि शिकलेला हाताने काम करीत नाही, ही फारकत आधुनिक शाळांतही टिकून राहिली.

यूरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हस्तकौशल्याच्या शिक्षणाचे दोन प्रवाह निर्माण झाले. मॉस्को येथील तंत्रविद्यालयात व्हिक्टर डेला-व्हॉस यांनी १८६८ च्या सुमारास प्रत्येक व्यवसायाचे पृथक्करण करून सोप्याकडून कठीणाकडे जाणारे सराव-पाठ तयार केले. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात ते मांडले गेल्यावर अमेरिकेत त्यांचा प्रसार झाला. या पद्धतीत सांधा जमणे महत्त्वाचे; त्या सांध्याची वस्तू व्हावी असा आग्रह नव्हता. याउलट फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेउस आणि स्वीडनमध्ये ओटो सालोमोन यांनी पुरस्कारिलेल्या स्लॉइड पद्धतीत विद्यार्थी पहिल्यापासून घरात वापरता येईल अशी वस्तू तयार करी. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो येथे सुरू केलेल्या प्रयोगशाळेत स्वयंपाक, विणकाम व सुतारकाम यांना शिक्षणाच्या केंद्रस्थानी स्थान दिले. सराव की वस्तू, हा वाद पुढे भारतातही वेगवेगळ्या रूपांत चालू राहिला.

महाराष्ट्रातील आरंभ : महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात शेतीच्या प्राथमिक ज्ञानाचा समावेश असावा अशी मागणी केली. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत आणि प्रसंगी नांगर किंवा सुताराचे हत्यार हाती धरण्याची त्यांना लाज वाटू नये, अशीही अपेक्षा त्यांनी व्यक्त केली. अभ्यासक्रमाइतकाच शिक्षकाचा प्रश्न निर्णायक आहे, हे त्यांनी ओळखले होते.

१८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया जुबिली तंत्रसंस्था, तर १८९० मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने बडोद्यात कलाभवन स्थापन झाले. विष्णु गोविंद विजापूरकर यांनी १९०६ मध्ये स्थापन केलेल्या समर्थ विद्यालयात राष्ट्रीय शिक्षणाबरोबर उद्योगशिक्षणाचाही समावेश होता. १९१० मध्ये ब्रिटिश सरकारने ते बंद पाडले. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून तळेगाव येथे १९०८ मध्ये उभा राहिलेला काच कारखाना हा शिक्षणदृष्ट्या विशेष उल्लेखनीय होय. चालू भट्टीवर विद्यार्थी काम शिकत. तयार झालेला माल बाजारात जाई, त्यामुळे भांड्यातील दोष परीक्षकाला नव्हे, तर गिऱ्हाइकाला दिसे. येथे तयार झालेल्या कारागिरांनी देशात अन्यत्र काचनिर्मितीचा प्रसार केला.

वर्धा योजना व स्वावलंबन : २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने नई तालीमचा आराखडा तयार केला. सात वर्षांचे सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती सर्व विषयांची गुंफण, ही त्याची मुख्य सूत्रे होत. टकळीवर सूत काढताना मुलाने तार मोजावेत, कापसाचा भूगोल जाणावा, कापडाच्या व्यापाराचा इतिहास समजून घ्यावा, अशी कल्पना होती. उत्पन्नातून शिक्षकाचा खर्च निघावा या अपेक्षेवर मात्र टीका झाली. उत्पादनाचा हिशेब वरचढ झाल्यास शैक्षणिक हेतू मागे पडेल, हा धोका समितीने स्वतःही नोंदविला होता. पुढे अनेक बुनियादी शाळांत चरखा राहिला, पण त्याच्याशी विषयांची सांगड घालणारा शिक्षक राहिला नाही. तेथे कताई हा केवळ वेळापत्रकातील एक तास उरला.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने वेगळी वाट धरली. ‘कमवा आणि शिका’ योजनेत श्रम हे प्रामुख्याने गरीब विद्यार्थ्याच्या शिक्षणाचे साधन होते. शेतात व बांधकामावर राबून शिकलेल्या पिढ्यांमुळे श्रमाविषयीचा संकोच मोडला, ही या योजनेची मोठी देणगी होय.

स्वातंत्र्योत्तर काळ : १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू होऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे पसरले. त्यांतील प्रात्यक्षिकांवर सराव-पाठांची छाप स्पष्ट आहे. ठोकळा कानशीने चौरस करणे, गुण्यात तपासणे, ठराविक मापाचा सांधा जमविणे यांतून हाताला अचूकपणा येतो, हे निर्विवाद. परंतु गुण मिळताच तो तुकडा भंगारात जातो. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली, १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याचा पुरस्कार केला आणि १९८८ पासून केंद्र पुरस्कृत योजनेखाली उच्च माध्यमिक स्तरावर व्यवसाय अभ्यासक्रमांचा विस्तार झाला. धोरणे बदलली, तरी व्यवसाय शिक्षण म्हणजे अभ्यासात मागे पडलेल्यांची सोय, हा समज फारसा ढळला नाही.

पाबळचा प्रयोग : या समजाला छेद देणारा महत्त्वाचा प्रयत्न पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे झाला. शास्त्रज्ञ श्रीनाथ शेषगिरी कलबाग (१९२८–२००३) यांनी मुंबईतील औद्योगिक संशोधनातील पद सोडून १९८३ मध्ये या अवर्षणप्रवण गावी विज्ञान आश्रम स्थापन केला. त्यांनी विकसित केलेल्या मूलभूत तंत्रज्ञान अभ्यासक्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे चार विभाग आहेत. माध्यमिक शाळेतील विद्यार्थी आठवड्यातील सुमारे एक दिवस त्यांसाठी देतो आणि एकाच व्यवसायात न अडकता सर्व विभागांतून जातो. मुलीही वेल्डिंग करतात व मुलगेही स्वयंपाक शिकतात. राज्य मंडळाने हा शालेय विषय म्हणून मान्य केला.

या अभ्यासक्रमाचे मर्म लोकोपयोगी सेवेत आहे. गावातील कोणाला फाटक हवे असते, कोणाला मातीची तपासणी, कोणाला विहिरीसाठी भूजलाचा शोध. विद्यार्थी मोजमाप घेतात, आराखडा काढतात, साहित्याचा व खर्चाचा अंदाज बांधतात, काम पूर्ण करून त्याचा मोबदला घेतात. फाटक बिजागरीवर न बसल्यास उणीव लपत नाही आणि ती दूर करण्यासाठी काटकोनाचे प्रमेय पुन्हा काढावे लागते. निदेशक शक्यतो परिसरातील कसबी माणसांतून निवडले जातात. फुल्यांनी मांडलेल्या अपेक्षेचे हे आधुनिक रूप म्हणता येईल. २००२ मध्ये मॅसॅचूसेट्स तंत्रसंस्थेच्या सहकार्याने पाबळ येथे संगणकनियंत्रित यंत्रांची फॅब लॅब सुरू झाली.

स्थानिक परिस्थिती व अभ्यासक्रम : अशा शिक्षणाचा आशय गावागणिक बदलणे अपरिहार्य आहे. हिंगोली जिल्ह्याच्या (स्थापना १ मे १९९९) कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हे केळीच्या लागवडीसाठी परिचित असलेले गाव याचे उदाहरण म्हणून घेता येईल. केळीची रोपे ५ × ५ फुटांवर लावल्यास एका एकरात (४३,५६० चौ. फूट) सुमारे १,७४२ रोपे बसतात, भागाकाराचा हा पाठ बांधावर उभे राहूनच नीट कळतो. ठिबक संचाच्या ताशी ४ लिटर देणाऱ्या दोन तोट्या एका झाडाला असतील, तर १६ लिटर पाण्यासाठी संच दोन तास चालवावा लागतो. नळीच्या टोकाशी तेवढे पाणी खरोखर पोहोचते काय, हे मोजपात्र लावून पाहणे हा भौतिकीचा प्रयोग होय. करप्याच्या डागांचे निरीक्षण, घडाच्या दांड्याचे वजन वगळून निघणारा खरा भाव, खोडापासून धागा काढणे, पंपाची दुरुस्ती ही सर्व वर्गाची सामग्री ठरू शकते. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता आणि तेथे शालेय शिक्षणाचा प्रसार उशिरा झाला. अशा प्रदेशात वजनकाटा, पाणी व हिशेब स्वतः तपासू शकणारा विद्यार्थी घडणे, याला नोकरीच्या प्रमाणपत्राहून व्यापक अर्थ आहे.

मूल्यमापन : कृतिशील शिक्षणात साधने, कच्चा माल व सुरक्षा यांवर खर्च होतो, मोठ्या तुकड्यांत प्रत्येकाच्या हाती हत्यार येत नाही आणि लेखी परीक्षेत हाताचे काम क्वचितच मोजले जाते. कसबी निदेशकाला पुष्कळदा अल्प मानधनावर काम करावे लागते. शिकण्याच्या नावाखाली विद्यार्थ्याकडून एकच काम पुन:पुन्हा करवून घेतले गेल्यास शिक्षणाची जागा मजुरी घेते; ‘या कामातून नवा प्रश्न निघतो काय’, ही दोहोंतील भेदाची कसोटी होय. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना स्थानिक कारागिरांकडून दहा दिवस दप्तराविना शिकण्याची तरतूद सुचविली आहे. वर्ध्यापासून पाबळपर्यंतचा अनुभव असा की, केवळ तरतुदीने वर्ग कृतिशील होत नाही. बनविलेल्या वस्तूची वाट पाहणारे कोणीतरी गावात असावे लागते आणि ते काम स्वतः करू शकणारा शिक्षक विद्यार्थ्याशेजारी उभा असावा लागतो.