उजव्या कालव्याच्या काठानं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नातेपुत्याहून धर्मपुरीच्या बाजूला सायकल घातली की थोड्या वेळानं नीरेचा उजवा कालवा भेटतो. तिथं मोठा रस्ता सोडायचा आणि कालव्याच्या भरावावरून निघायचं. ही वाट पाटबंधारे खात्यानं आपल्या जीपगाड्यांसाठी केलेली. मुरमाची, कुठं उखडलेली, कुठं वेड्या बाभळींनी अडवलेली. पण सायकलवाल्याला यापरती चांगली वाट नाही. चढ नाही, उतार नाही. पाणी आपल्याच वजनानं पुढं गेलं पाहिजे, म्हणून कालवा डोंगराला भिडत नाही आणि नदीकडेही उतरत नाही. एका पातळीनं वळसे घेत राहतो. मैलामागं काही इंचांचा उतार असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पायांनाही कळत नाही. पाण्याला तेवढा कळतो.

पूर्वेकडं तोंड करून निघालं की डाव्या हाताला नीरेपर्यंत ऊस, मका, केळी. उजव्या हाताला शंभू महादेवाच्या डोंगरापर्यंत बाजरी, मटकी, कुसळ आणि मेंढरं. मधे पाण्याची एक पट्टी. मोटारीतून जाणाऱ्याला हिरवं आणि पिवळं सगळं एकात एक मिसळलेलं दिसतं. सायकलवर मात्र एका गालाला ओला वारा लागतो आणि दुसऱ्या गालाला भाजका. गेल्या दीडशे वर्षांत या खोऱ्यात जे घडलं ते या दोन वाऱ्यांमधलं आहे, असं मला वाटत आलं आहे.

नीरा भोर तालुक्यात सह्याद्रीत उगवते. तिथं पावसाला खळ नसतो. तीच नदी दोनशे किलोमीटर वाहून नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळेपर्यंत पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे आलेला असतो. तेव्हा वरचं पाणी खाली आणावं, ही कल्पना कुणालाही सुचण्यासारखी. ती प्रत्यक्षात आली ती मात्र मढ्यांच्या राशी पाहून. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन ओस पडलं, त्यात सोलापूर जिल्हा पुढं होता. सरकारनं कामं काढली. रिचर्ड टेंपलसाहेबांनी त्या कामांवरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबानं मजुरी बसवली. तेवढ्यात माणूस जगत नाही म्हणून लोकांनी कामं सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू लिहून काढली. उपाशी माणसांनी काम नाकारणं ही आपल्याकडच्या संपांच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे; ती शाळेत शिकवत नाहीत.

त्या दुष्काळाच्या रेट्यानं झालेला नीरेचा डावा कालवा १८८५ मध्ये वाहता झाला. तो पलीकडच्या, म्हणजे बारामती-इंदापूरच्या अंगाला. गंमत अशी, की कालवा आला तरी शेतकरी पाणी घेईनात. पाऊस बरा झाला की काळ्या रानाला पाटाचं पाणी नको असे, आणि दुष्काळ पडला की सगळ्यांना एकाच वेळी हवं असे. सरकारचा खर्च निघेना. मग मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई इलाख्याच्या नोकरीत होते, त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्लॉक पद्धत आणली. शेताचे गट पाडायचे, उसाबरोबर इतर पिकं फिरवायची आणि पाण्याचा करार काही वर्षांचा करायचा. उसाला हमी मिळाली. सासवडचे माळी खंडानं जमिनी करत कालव्याच्या काठाकाठानं खाली सरकत आले. त्यांच्या घामाचा गूळ झाला, आणि जादा पाण्यानं काही रानं चोपण होऊन बसली. दोन्ही एकाच पाटानं आणलं.

आमच्या बाजूला पाणी यायला आणखी चाळीस वर्षं लागली. भाटघरला जुन्या धरणाच्या खाली नवं धरण बांधलं गेलं, ते १९२८ मध्ये पुरं झालं. लांबीला सुमारे एक मैल, दगडी. गव्हर्नरांच्या नावानं त्याला लॉइड धरण म्हणत. त्याच्या पाण्यावर उजवा कालवा फलटण संस्थानातून आमच्या माळशिरस तालुक्यात आला. १९३२ मध्ये सरकारनं बाहेरच्या साखरेवर संरक्षक जकात बसवली, आणि दोन-तीन वर्षांत या खोऱ्यात धुराडी उभी राहिली. सासवडच्या माळ्यांनी स्वतःच्या भांडवलावर माळीनगरला कारखाना काढला. श्रीपूरला चंद्रशेखर आगाशांचा, आणि नदीपलीकडं वालचंद हिराचंदांचा, ज्याच्याभोवती वालचंदनगर वसलं. नातेपुत्याहून दहिगावच्या जैन मंदिरावरून खाली उतरून नीरा ओलांडली की वालचंदनगर. लहानपणी आम्ही हा पल्ला सायकलवर करायचो, तो मळीचा वास घ्यायला. आता तो वास कुणाला सोसत नाही. आम्हाला तो सुबत्तेचा वाटायचा.

अब्बांचं सायकलचं दुकान होतं. भाड्याच्या आठ सायकली, त्यात पोरांसाठी दोन अर्ध्या. तासाला पन्नास पैसे. पंक्चर, ओव्हरऑइल, चाक आउट असेल तर काढून देणं. पालखीचा मुक्काम नातेपुत्याला असतो, त्या रात्री दुकानाला फळी लागत नसे. पण रोजचं गिऱ्हाईक म्हणजे पाटकरी. कालव्यावर फिरून कुणाचं दार उघडायचं, कुणाचं बंद करायचं हे बघणारा हा माणूस. खांद्याला दाराची किल्ली अडकवलेली, हँडलला जेवणाचा डबा. त्याची सायकल मुरमानं महिन्याला दोनदा फाटायची. ‘पाणी तो सोडतो, पण चालतं आपल्या ट्यूबवर,’ असं अब्बा म्हणायचे.

या बोलण्यात आणखीही एक अर्थ होता, तो मला मोठेपणी कळला. कालव्याच्या वरच्या अंगाची माणसंही आमच्या दुकानी यायची आणि जुन्या ट्यूबा, रबरी नळ्या मागायची. रात्री भरावावरून नळी टाकायची, पाणी वर ओढायचं, जनावरांचा हौद आणि चार वाफे भिजवून पहाटेच्या आत नळी गुंडाळायची. सकाळी पाटकरी पंचनामा करायचा. कालवा त्यांच्याच जमिनी कापत गेलेला. मात्र जमीन पाण्याच्या पातळीच्या वर, म्हणून लाभक्षेत्रात नाही. लाभक्षेत्रात नाही म्हणून अर्ज नाही, अर्ज नाही म्हणून पाणी घेतलं तर चोर. मुंबई इलाख्याचा पाटबंधारे कायदा १८७९ चा, त्यानंतरचा महाराष्ट्राचा १९७६ चा. दोन्ही कायद्यांपुढं हा माणूस तसाच उभा. अब्बा दोघांनाही माल द्यायचे. मला यात कधी विसंगती वाटली नाही, आजही वाटत नाही.

अम्मीचं माहेर वरच्या अंगाचं, डोंगराच्या पायथ्याचं. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला होती. मी रस्त्याकडेच्या बाभळीला टांगलेल्या झोळीत. सुकडी, अमेरिकेची लाल मिलो, आणि आठवड्यानं होणारा पगार, एवढंच ती सांगायची. त्याच कामांतून पुढं रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि त्याचं कौतुक जगानं केलं ते रास्त आहे. पण अम्मीच्या बोलण्यात कौतुक नसे. जिथं ती खडी फोडत होती तिथून कालव्याच्या काठाची झाडं दिसायची. ‘हिरवं दिसायचं, म्हणून उन्ह जास्त लागायचं,’ असं ती म्हणे. मी कवी म्हणवतो, पण या वाक्याच्या जवळपास जाणारी ओळ मला लिहिता आलेली नाही.

सायकलवाल्याला अशीच एक वाट इटलीत आहे. मी तिथं गेलेलो नाही, पण त्या खोऱ्याविषयी जे मिळेल ते वाचत असतो, कारण ते मला आमचंच वाटतं. इटलीच्या उत्तर टोकाला, आल्प्समध्ये, दीड हजार मीटरवर रेझियाच्या खिंडीजवळ आदिजे नदी उगवते आणि वेनोस्ता नावाच्या खोऱ्यातून मेरानोकडं उतरते. नदीच्या सोबतीनं ऐंशी किलोमीटरची सायकलवाट आहे. याच मार्गानं रोमन बादशहा क्लॉडियसनं इसवी सन ४६-४७ मध्ये पो नदीपासून डॅन्यूबपर्यंतचा रस्ता पुरा केला होता. पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाचा. १९१९ च्या तहानं तो इटलीत गेला, म्हणून प्रत्येक गावाला आणि नदीलाही दोन नावं, एक इटालियन आणि एक जर्मन.

आल्प्स म्हटल्यावर आपल्याला बर्फ आणि पाऊस आठवतो. पण दोन्ही बाजूंचे पहाड ढग अडवतात, आणि या खोऱ्यात पाऊस पडतो साधारण पाचशे मिलिमीटर. म्हणजे माळशिरस! मग तिथल्या शेतकऱ्यांनी मध्ययुगापासून बर्फाच्या ओढ्यांचं पाणी डोंगराच्या कुशीनं, एका पातळीनं, पाट काढून आणलं. त्या पाटाला त्यांच्या जर्मन बोलीत ‘वाल’ म्हणतात. आज खाली सफरचंदाच्या बागा आहेत, जसा आमच्याकडं ऊस. प्रत्येक वालवर एक पाटकरी असे, आणि त्याच्यासाठी पाटाच्या कडेनं पायवाट. पाण्यात एक लाकडी चाक बसवत. ते फिरलं की हातोडी घंटेवर पडे. घंटा वाजते आहे तोवर पाणी चालू आहे. थांबली की कुठंतरी फुटलं किंवा कुणी फोडलं, आणि पाटकऱ्यानं निघायचं. म्हणजे नळी टाकणारे तिथंही असणार.

पुढं तुषार सिंचन आलं, बरेच पाट बुजले. जे राहिले त्यांच्या पायवाटा लोकांनी जपल्या, आणि आज परदेशी माणसं त्यांवरून चालायला येतात. खोऱ्यातली रेल्वे १९९० मध्ये बंद पडली होती, ती २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली. आता वरच्या स्टेशनावर सायकल भाड्यानं घ्यायची, उतारानं खाली यायचं, खालच्या स्टेशनावर ती परत करायची. अब्बा असते तर त्यांनी दर विचारला असता.

आमच्याकडं भरावाची वाट कुणी जपलेली नाही. २०२१ मध्ये पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, रस्ता रुंद झाला, आणि त्यावर सायकलवाल्यानं कडेकडेनं जीव मुठीत धरून जायचं असतं. कालव्याच्या अस्तरीकरणाचं निघालं की शेतकरी विरोध करतात, कारण सिमेंट झालं तर पाझर थांबेल आणि काठच्या विहिरी आटतील. त्यांचं खोटं नाही. गळणारं पाणी वाया जातं असं अभियंता म्हणतो, ते त्याच्या वहीतलं वाया. नीरा देवघर धरणाचं पाणी डाव्याला किती आणि उजव्याला किती, यावर २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये सरकारला निर्णय करावे लागले. वरच्या अंगाच्या बाजरीचा त्या हिशेबात उल्लेख असतो तो निवडणुकीपुरता.

आदिजेच्या उगमाजवळ एक तळं आहे. विजेसाठी धरण बांधलं, १९५० मध्ये ग्राउन नावाचं जुनं गाव त्याखाली गेलं. १६३ घरं, ५२३ हेक्टर जमीन. लोकांनी खूप विरोध केला, उपयोग झाला नाही. चर्चचा चौदाव्या शतकातला मनोरा तेवढा पाण्यातून वर उभा आहे आणि सायकलवाले तिथं थांबून फोटो काढतात. तो फोटो पाहिला तेव्हा मला भाटघर आठवलं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की वेळवंडीच्या पात्रात कांबरेश्वराचं देऊळ वर येतं, आणि पावसाळ्यात पुन्हा बुडतं.

चाळिशीत असताना मी एकदा नातेपुत्याहून फलटण, लोणंद, शिरवळ करत दोन मुक्कामांनी भाटघरला सायकलवर गेलो होतो, एवढ्याचसाठी, की आमचं पाणी निघतं कुठून ते पाहावं. मे महिना होता. धरण तळाला गेलेलं, काठाला भेगाळलेला गाळ, त्यात कुणाच्या तरी घराचं जोतं उघडं पडलेलं. चहाच्या टपरीवर एक म्हातारबाबा बसले होते. गाव विचारलं, मी सांगितलं. ते जोतं त्यांच्या चुलत्याचं, असं ते म्हणाले. उरलेली जमीन धरणाच्या वर, तिथं पाणी चढत नाही, उन्हाळ्यात टँकर येतो. मग त्यांनी माझ्या सायकलकडं बघितलं आणि विचारलं, ‘तुमच्याकडं तरी पोचतं का पाणी?’

मी म्हणालो, ‘निम्म्यांना पोचतं.’ त्यांनी टपरीवाल्याला माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितला.